मला यंदा बसायचंय

११ ऑगस्ट, सोमवार

आज परत अभय दांडगेची गाडी मैदानाच्या भिंतीला लागलेली. ह्या पोराला सूर मारायला मी शिकवलं. गुडघे फोडून घ्यायचा तेव्हा हळद मीच दाबायचे. आता साहेब शेंद्र्याच्या ग्रीनफोर्ट इंटरनॅशनलचे हेड कोच आहेत आणि आमच्या ज्ञानसेतूच्या भिंतीवरून माझ्या पोरी बघतात, बाजारात म्हशी बघाव्या तशा. मला पाहून आत आला, वाकून पाया पडला. "सहज आलतो मॅडम, इकडून चाललो होतो." सहज म्हणे! शेंद्र्याहून सगळं शहर ओलांडून सहज कोणी इकडं फिरकत नाही.

कोणाला बघायला आला ते न कळायला मी काही दूधखुळी नाही. श्रेया तुपे. नववीत आहे, लासूर स्टेशनची. वडील बद्रीनाथ तिथल्या बाजार समितीत मापाडी आहेत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत अशी पळणारी पोरगी मला मिळाली नव्हती. खो देऊन देऊन समोरचा संघ घामाघूम होतो आणि ही आपली बसलेल्यांमधून साखळी काढत निवांत चाललेली असते. सहावीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत मला दिसली. तिथल्या तिथं बापाला गाठलं, जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखला काढायला लावला, शहागंजात मावशीकडं राहायची सोय बघितली आणि घेऊन आले. मी केलं त्याला पोरगी घडवणं म्हणतात. अभय करतोय त्याला पळवणं. फरक आहे.

आणि यंदा ती गेली तर सगळंच गेलं. संस्थेच्या अध्यक्षांनी जूनमध्येच तोंडावर सांगितलं, संघ राज्यस्पर्धेपर्यंत गेला तर खोखोचं मैदान राहील, नाहीतर तिथं टर्फ टाकायचंय. क्रिकेटवाले संध्याकाळी भाड्यानं घेतात म्हणे. थोडी वर्षं राहिलीत माझी, ती तरी मातीवर काढू द्या, एवढंच मागणं आहे. अंग दुखतंय. बाम लावून पडते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सराव संपल्यावर सगळ्या पोरी पाण्याच्या टाकीकडं पळाल्या. श्रेया मागं राहिली. बुटाची नाडी सोडायची, बांधायची, परत सोडायची. म्हटलं, बोल की बाई, मला घरी जायचंय.

"मॅडम, मला यंदा बसायचंय."

"काय?"

"यंदा मला बसायचंय, मॅडम. दोन वर्षं झाली. बसलेच नाही मी."

खरं सांगते, क्षणभर रागच आला. अगं, तुझ्यासारखी संरक्षक अख्ख्या विभागात नाही आणि तुला म्हणे बसायचंय! पण घरी येताना रिक्षात विचार केला. तिचंही खरंय. दोन वर्षं नुसती पळवतेय मी तिला. पहिल्या तुकडीत पळ, निर्णायक डावात पळ. आक्रमणाच्या वेळी बाकीच्या पोरी पाटीवर बसतात, खो घेतात, गडी बाद करतात, टाळ्या मिळवतात. हिला मात्र दम खायला बाहेर ठेवते. पोरीला वाटणारच की आपणही बसावं, खो घ्यावा. पोरींचं ऐकलं नाही की त्या अभयसारख्यांचं ऐकायला लागतात.

१८ ऑगस्ट, सोमवार

श्रेयाला चौथ्या पाटीवर बसवलं. मुद्दाम सगळ्यांसमोर म्हटलं, "घे, तुझ्या मनासारखं झालं. बस आता." तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग गेली आणि बसली. एवढं मनासारखं करावं तर जरा हसायला ह्यांच्या बापाचं काय जातं?

बसते मात्र छान. खो पडला की बाणासारखी सुटते.

घरी इंद्रजीतला सांगितलं. हे शेंद्र्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेले, पाय टेबलावर, समोर पोहे. म्हणाले, "तुझ्या पोरी तुला सांगतात एक अन् तुला ऐकू येतं दुसरं. माझंही तसंच आहे म्हणा. चहा मागितला तर तू कुकर लावतेस." मी म्हटलं, उठा आणि स्वतः करून घ्या. उठले आणि दोन कप केला. माणूस बरा आहे, जीभ तेवढी तिखट.

२५ ऑगस्ट, सोमवार

नववीच्या वर्गशिक्षिका सुलेखा मॅडम जिन्यात आडव्या आल्या. गणित शिकवतात. बाई चांगली आहे, पण आवाज असा की आपणच काहीतरी चोरलंय.

"खरात मॅडम, श्रेया मधल्या सुट्टीत माझ्याकडं येऊन बसते. अपूर्णांकांपासून विचारते. पाचवीचं."

"मग सांगा की तिला."

"सांगतेय. पण घटक चाचणीला तुम्ही तिला परत मैदानावर घेऊन गेलात."

आता हिला काय सांगावं? ही सोय मी भांडून मिळवली आहे. संघातल्या पोरींची चाचणी बुडाली तर सरासरीनं गुण लावायचे, सहामाहीला स्पर्धा आली तर तीही सरासरीवर. पूर्वी माझ्या पोरी सकाळी पेपर आणि दुपारी सामना अशा फरफटत जायच्या, रडायच्या. आता खेळताना कोणाच्या डोक्याला पेपरचा घोर नाही. सगळ्या वरच्या वर्गात जातात, एकही नापास नाही. दुसऱ्या शाळांचे क्रीडाशिक्षक माझ्याकडं येऊन विचारतात, कसं जमवलं म्हणून.

सुलेखा मॅडमना म्हटलं, "तुम्ही तिला विनाकारण घाबरवू नका. तिच्या गुणांचं मी बघते." त्या चष्मा पुसत वर गेल्या.

२ सप्टेंबर, मंगळवार

पावसानं मैदानाचा चिखल केलाय. दोन दिवस वऱ्हांड्यात नुसत्या उठबशा. कंटाळले.

सहामाहीचं वेळापत्रक फळ्यावर लागलंय. श्रेया त्याच्यासमोर उभी होती, काहीतरी उतरवून घेत होती. मी पाठीवर थाप मारली, "अगं, ते तुझ्यासाठी नाही, चल." पोरगी दचकली केवढी!

१० सप्टेंबर, बुधवार

जिंकलो! जिल्ह्याची अंतिम फेरी, समोर ग्रीनफोर्ट. लिहिताना हात दुखतोय, टाळ्या वाजवून.

त्यांचा थाट काय सांगावा! निळे चकचकीत गणवेश, प्रत्येकीला वेगळी बाटली, सोबत फिजिओ. त्यांच्या नऊजणींतल्या पाचजणी गेल्या वर्षी वेगवेगळ्या शाळांतून खेळलेल्या मी ओळखते. एक तर माझीच. मला बघून मान खाली घातली तिनं. घालावीच.

शेवटच्या डावात आमच्याकडं एका गुणाचीच आघाडी राहिली. मग श्रेयाला बसवून चालणार होतं का? म्हटलं, "श्रेया, पळायचं. आता फक्त तू." ती म्हणाली, "बरं." आणि काय पळाली ती! शिट्टी होईपर्यंत हाताला लागली नाही. अभयची पोरगी खांबावर सूर मारून आपटली, श्रेया तिच्या बोटांपासून वीतभर लांब. शिट्टी झाल्यावर सगळ्यांनी तिला उचललं. वरूनही तिचं तोंड आपलं सुतकी.

बक्षीस समारंभात अभय बद्रीनाथभाऊंच्या खांद्यावर हात टाकून चहाच्या गाडीकडं घेऊन गेला. मी बघितलं. आनंदाचा पार चोथा झाला.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. पोरींना रांगेत उभं करून मी वळते तर फाटकात बद्रीनाथभाऊ. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. त्या टोपीवरूनच ओळखलं मी, काहीतरी मागायला आलेत.

"मॅडम, पोरीचा दाखला पायजे व्हता."

"कशाला?"

"दुसऱ्या शाळंत टाकायचंय."

"कोणत्या?"

खाली बघायला लागले. "पोरगी म्हणली, मॅडमला सांगू नका. मला बी कोड्यात टाकलंय तिनं, बघा. घरी आली अन् म्हणली जायचं नाय तिथं. तिची आई म्हणती, आणा दाखला. म्हणून आलो."

माझा तोल गेला. झेंड्याखाली उभी राहून मी त्या माणसाला नको नको ते बोलले. अभयनं काय दाखवलं तुम्हाला? वसतिगृह? बूट? मी तिला लासूरच्या धुळीतून उचलून आणली, ती ह्यासाठी? ते बिचारे टोपी चुरगळत ऐकून घेत राहिले. एकदाच म्हणाले, "तुमचे उपकार हायेत, मॅडम. नाय कुठं म्हणलं." मग तर मला अजूनच राग आला.

मुख्याध्यापक गाडेकर सरांनी मला आत बोलावलं. "काही काळजी करू नका. क्लार्कला सांगून ठेवलंय, दाखला निघत नाही. सही आहे तर शिक्का नाही, शिक्का आहे तर साहेब नाहीत. विभागीय स्पर्धा उरकेपर्यंत फिरवू." मी म्हटलं, बरोबर आहे सर. म्हटलं ते म्हटलं. श्रेया परवापासून शाळेत आलेली नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

न राहवून अभयला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला. ज्या ताटात जेवलास त्यात असं करतोस? वगैरे, तोंडाला येईल ते. तो मग म्हणाला, "मॅडम, आता मी बोलू का?"

"बोल. काय उरलंय बोलायला?"

"मी मागितली तिला. खोटं नाय बोलणार. वसतिगृह, बूट, वडलांना शाळेच्या बसवर काम, सगळं सांगितलं. बाप अर्धा तयार झालता. पोरगी मला विचारती, 'सर, तुमच्याकडं परीक्षा घेतात का?' मी म्हणलं, अगं येडे, तुला कशाला पायजे परीक्षा, आम्ही बघून घेऊ ना. तर उठून चालायला लागली. आमच्याकडं नाय येणार ती, मॅडम. तुम्हीच कुठं लपवून ठेवली असेल तर सांगा बरं. अध्यक्ष माझंही डोकं खातेत."

खोटारडा. आधी पळवायची आणि वर मलाच विचारायचं, कुठं लपवली. म्हणे परीक्षा घेता का! काहीही रचतो. फोन ठेवला तेव्हा कान गरम झाले होते.

२८ सप्टेंबर, रविवार

आज लासूर स्टेशनला जाऊन आले. इंद्रजीत म्हणाले, "विभागीय तोंडावर आली म्हणून चाललीस की पोरीसाठी?" मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. ते नुसते हसले, मला ते हसणं आवडलं नाही.

बद्रीनाथभाऊंचं घर बाजार समितीच्या मागच्या आळीत आहे. ते कामावर होते. आशाबाई, श्रेयाची आई, दारात मका निवडत होत्या. मला बघून उठल्या, आत सतरंजी टाकली, पाणी दिलं. श्रेया भिंतीला टेकून वही घेऊन बसली होती. मला बघितलं आणि रंगच उतरला तिचा. पटकन वही मिटली, उभी राहिली आणि म्हणाली, "बूट घालून येते मॅडम."

तेवढ्यात आशाबाई मधे आल्या. "कशाला बूट? कुठं चालली तू? बस खाली."

मी आपली पाठ करून आणलेलं बोलायला लागले. कोणी काय सांगितलंय ते मला माहीत आहे, ग्रीनफोर्टवाले दोन वर्षं वापरतील अन् सोडून देतील, तिथं तुझं कोणी नाही. श्रेया खाली बघून म्हणाली, "ग्रीनफोर्टला नाय जायचं मला."

"मग कुठं?"

"इथंच. लासूरच्या शाळंत."

मला हसूच आलं. "अगं, तिथं खोखो आहे का?"

"नाय."

"मैदान तरी?"

"नाय. म्हणून तर."

मला काही कळेना. म्हटलं, "श्रेया, माझं काय चुकलं ते तरी सांग. तू म्हणालीस पळायचं नाही, बसायचंय. चार दिवसांत तुला पाटीवर बसवलं की नाही? तुझ्यासाठी अख्खा संघ हलवला मी."

ती माझ्याकडं बघत राहिली.

"परीक्षेला, मॅडम," ती म्हणाली. "परीक्षेला बसायचंय म्हणलं होतं मी."

मी समोरचं पाणी घटाघटा प्यायले.

मग ती बोलली. तीन वर्षांत ती माझ्याशी एवढं कधी बोललीच नव्हती. सातवी सरासरीवर, आठवी सरासरीवर, आता नववीही. पुढच्या वर्षी दहावी. "बोर्डात सरासरी नसती, मॅडम. सुलेखा मॅडमनी सांगितलं. मला पाव अधिक पाऊण येत नव्हतं. मावशीचा चौथीतला पोरगा हसला मला." रडली नाही. सरळ उभं राहून सांगितलं, खेळाडूसारखं. रडले असते तर मीच.

मी म्हटलं, "एवढंच ना? मग आपल्या शाळेत बस परीक्षेला. विभागीयला येऊ नको. मी शब्द देते. दाखल्याची काय गरज आहे?"

"नको मॅडम."

"का गं? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुम्ही न्यायला येताल." तिनं मिटलेली वही छातीशी धरली. "सामना अटीतटीचा आला की तुम्ही वर्गाच्या दारात येताल. तुम्ही आलात की मला नाय म्हणताच येत नाय. आता बी मी बूट घालायला उठले होते."

आशाबाई म्हणाल्या, "भाकर खाऊन जा, मॅडम." खाल्ली. चव लागली नाही, पण पानात टाकायची कशी? परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसले आणि दौलताबाद कधी गेलं तेही कळलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजयादशमी. विद्यापीठामागच्या बुद्धलेणीवर आम्ही दोघं दरवर्षी जातो, आजही गेलो. पांढऱ्या साड्यांची ही गर्दी, पोराटोरांच्या हातात निळे झेंडे, पायथ्याशी पुस्तकांचे ढीग लावलेले. दरवर्षी मी संघातल्या पोरींसाठी पुस्तकं घेते आणि बक्षीस म्हणून वाटते. आज त्या ढिगापाशी मला उभंच राहवेना. माझ्या आईनं खडी फोडून मला शिकवलं. परीक्षेच्या दिवशी मुकादमाशी भांडून सुट्टी घ्यायची आणि मला शाळेच्या दारापर्यंत सोडायला यायची. आणि मी दारातून पोरी बाहेर काढते.

इंद्रजीतला हे सगळं तिथं पायऱ्यांवर बसून सांगितलं. वाटलं, आता हे काहीतरी तिखट बोलणार. त्यांनी नुसती पाण्याची बाटली पुढं केली. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून चारचौघांत रडले. लोक बघत होते, बघू देत.

६ ऑक्टोबर, सोमवार

गाडेकर सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, श्रेया तुपेचा दाखला आज पाहिजे.

"डोकं फिरलंय का तुमचं? परवा विभागीय आहे."

"ती येणार नाही."

"येणार नाही कशी? आणा तिला. तुमचं ऐकते ती."

"म्हणूनच," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही. मग त्यांना कळेल अशा भाषेत बोलले. दाखला द्या, नाहीतर परवा संघ घेऊन मी जात नाही. ज्याला न्यायचाय त्यानं न्यावा. त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. मैदानाचं काय, टर्फचं काय, खरात बाईंचं काय, सगळं निघालं. शेवटी सरांनी सही केली. आणि गंमत म्हणजे शिक्का लगेच सापडला.

बद्रीनाथभाऊ फाटकाबाहेर थांबले होते. दाखला हातात दिला तर त्यांनी तो कपाळाला लावला. मला म्हणाले, "रागावल्या नाय ना, मॅडम?" काय उत्तर द्यावं ह्या माणसाला? म्हटलं, सांभाळून जा, पावसाचं दिसतंय.

शाळेत सगळ्यांना वाटतंय, अभयनं मला विकत घेतलं. वाटू दे. खुलासा करायचा कंटाळा आलाय.

८ ऑक्टोबर, बुधवार

विभागीय. सकाळी पहिलाच सामना. हे दोन डावांमधल्या सुट्टीत, मंडपाच्या सावलीत बसून लिहितेय, कारण घरी जाईपर्यंत लिहायचं बळ राहणार नाही.

समोर परत अभयचा संघ, जिल्ह्याचा उपविजेताही विभागीयला येतो. तो मुद्दाम आला, "श्रेया कुठंय, मॅडम?" म्हणाला. मी म्हटलं, "पेपरला बसलीय." त्याला वाटलं मी थट्टा करतेय. हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

आज लासूरला तिचा गणिताचा पेपर. आली असतील का अपूर्णांकांची गणितं? आठव्या पाटीवरच्या पोरीनं दोनदा उशिरा उठून खो घालवला तेव्हाही माझं लक्ष तिथंच होतं. पहिल्या डावात पाच गुणांनी मागं आहोत. श्रेया असती तर नसतो. हे वाटतं, आणि वाटल्याचा राग येतो, आणि परत वाटतं.

पोरी गोल करून बसल्या होत्या, लिंबू-मीठ चाटत, माझ्या तोंडाकडं बघत. दुसऱ्या डावात कोण पळणार ते मी सांगेन म्हणून वाट बघत होत्या. मी म्हटलं, "आज शाळेत तुमचा पेपर कशाचा आहे गं?"

त्यांनी एकमेकींकडं बघितलं. एक म्हणाली, इतिहास असेल. दुसरी म्हणाली, नाही गं, हिंदी. कर्णधारानं मान हलवली, "काय माहीत, मॅडम. आपल्याला सरासरी असती ना." आणि सगळ्या हसल्या, अगदी निर्धास्त, माझ्यावर पूर्ण भरवसा असल्यासारख्या.

मीही आठवून बघितलं. मलाही माहीत नव्हतं.